सत्तरीकडे झुकलेली आई पर्यावरणाच्या आंदोलनात जाऊन खरंच काही शिकते का?

तुम्ही लिहिलंय की आई 66 वर्षांची आहे, सहा महिन्यांपासून नदी वाचवणाऱ्या एका गटात जाते, घरी आली की तिथलंच बोलत असते. या वयात हे शिकणं म्हणायचं की तरुण मुलं तिला नुसतं पुढे बसवतात, आणि तुम्ही तिला कशी मदत करावी, असं तुम्ही विचारलंय. मी 68 वर्षांची आहे. ‘नुसतं पुढे बसवतात’ हे शब्द मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलेत, म्हणून लिहायला बसले.

शिकते. आणि तुम्ही कॉलेजात शिकलात त्यापेक्षा पक्कं शिकते, कारण तिला परीक्षेपुरतं लक्षात ठेवायचं नसतं.

माझा दादा रसायनशास्त्राचा पदवीधर. मलाही तेच शिकायचं होतं, गुणही होते, पण प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होते म्हणून मला कला शाखेत घातलं. पंचेचाळीस वर्षं मी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पहिलं टायट्रेशन, म्हणजे द्रावणाचे थेंब मोजत करायची तपासणी, केलं ते 63 व्या वर्षी, ओढ्याच्या काठावर, दगडावर किट मांडून.

आमच्या वस्तीमागून ओढा जातो. वरच्या बाजूला सांडपाण्यावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे, त्याचा पाईप ओढ्यात सुटतो. उन्हाळ्यात मासे मरून वर यायचे. तक्रार केली की उत्तर यायचं, पाण्याचा नमुना तपासला, सगळं मर्यादेत आहे. आम्ही पाच जणी होतो, सगळ्या साठीच्या पुढच्या. एका तरुण मुलीनं आम्हाला विरघळलेला प्राणवायू मोजायला शिकवलं. बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. तिथल्या तिथे दोन द्रावणं घालायची, तपकिरी साका खाली बसतो. मग आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं. थायोसल्फेट नावाचं द्रावण थेंब मोजत सोडायचं, पिवळा रंग फिका पडला की स्टार्च घालायचा, पाणी निळं होतं, आणि तो निळा रंग जाईपर्यंत थेंब सोडत राहायचं. सुरुवातीपासूनच्या सगळ्या थेंबांवरून लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू ते कळतं. पाचाच्या वर असेल तर बहुतेक मासे सुखात असतात. दोनाच्या खाली गेलं की गुदमरतात.

आम्हा पाचही जणींना पहाटे चारला जाग येते. घरात त्याची तक्रारच जास्त होते. पण ओढ्यासाठी तीच वेळ नेमकी निघाली. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या जरा आधी सगळ्यात कमी असतो. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही पहाटे मोजत होतो, एक दिवस सहज दुपारीही मोजलं आणि दोन्ही आकडे शेजारी लिहिले तेव्हा चक्रावलो. मग त्या मुलीला विचारलं, तिनं कारण सांगितलं.

एका पहाटे साका तपकिरी झालाच नाही. पांढरा राहिला. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून दुसरी बाटली भरली. तीही पांढरी. तपकिरी रंग प्राणवायूमुळे येतो, पांढरा राहिला याचा अर्थ पाण्यात प्राणवायू उरलाच नव्हता. अंधारात टॉर्च धरून आम्ही पाचही जणी त्या बाटलीकडे बघत उभ्या होतो. हातात आलेली गोष्ट काय आहे हे आम्हाला कळलं, आणि ते समजावून द्यायला शेजारी कुणी नव्हतं. मी त्या क्षणालाच शिकणं म्हणते.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “रसायनं जुनी असतील. आणि तू कशाला या भानगडीत पडतेस? तुम्हा बायकांना ही मुलं नुसतं पुढे बसवतात.”

दोन महिन्यांनी सुनावणी झाली. अधिकाऱ्यांनी प्राणवायूचा त्यांचा आकडा वाचला, लिटरमागे 6.8 मिलिग्रॅम. मी विचारलं, नमुना किती वाजता घेतला? त्यांनी माझ्याकडे न बघता शेजारच्या मुलाला विचारलं, “यांना काय म्हणायचंय?” तो मुलगा म्हणाला, “त्यांनाच विचारा.” नमुना दुपारी तीनचा होता. मी वही उघडली आणि पहाटेचे 41 दिवसांचे आकडे वाचून दाखवले. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, वास, रंग. माझा आवाज कापत होता, पण मी वाचणं थांबवलं नाही. त्यानंतर नमुने पहाटे घ्यायचं ठरलं. पाईप आजही आहे, पण रात्री प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं थांबलंय.

तुमच्या प्रश्नातल्या ‘या वयात’ या शब्दांवर माझा खरा राग आहे. मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशासाठी संघटना काढली ती 1969 साली, वयाच्या 79 व्या वर्षी. तिथं प्रचंड विमानतळ होणार होता, एक धावपट्टी झाली आणि पुढचं काम थांबलं. सरकार हवामान बदलाविरुद्ध पुरेसं करत नाही म्हणून कोर्टात गेलेली स्वित्झर्लंडमधल्या वयस्क बायकांची संघटना 2016 मध्ये सुरू झाली. दोन हजारांवर सभासद आहेत, निकाल लागला तेव्हा सरासरी वय 73 होतं. उष्णतेच्या लाटेचा सगळ्यात जास्त त्रास वयस्क बायकांना होतो, हाच त्यांचा मुद्दा होता. देशातली न्यायालयं त्यांना नाही म्हणाली. 9 एप्रिल 2024 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं सोळा विरुद्ध एक मतानं सांगितलं की सरकारनं पुरेसं केलेलं नाही. ज्या वयामुळे घरात बसा म्हणतात तेच वय त्यांनी कोर्टात पुरावा म्हणून मांडलं. आता त्यात हेही आहे की सोबत गेलेल्या चार जणींचे वैयक्तिक अर्ज न्यायालयानं ग्राह्य धरले नाहीत, फक्त संघटनेचा धरला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्विस संसदेनं ‘आम्ही पुरेसं करतोय’ असं जाहीर करून टाकलं. तरी निकाल निकालच आहे.

दादाला चिपको म्हटलं की झाडाला मिठी एवढंच आठवतं. 26 मार्च 1974 ला आजच्या उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरा देवी आणि सत्तावीसेक बायका-मुली झाडं तोडायला आलेल्या कंत्राटदाराच्या माणसांपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा गावातले पुरुष भरपाईच्या कामासाठी बाहेर बोलावलेले होते. 1970 चा अलकनंदेचा पूर त्या बायकांनी पाहिलेला होता. झाडं गेली की डोंगर खाली येतो हे त्यांना कुणा तज्ज्ञानं येऊन सांगायची गरज नव्हती. त्याला भावना म्हणायचं आणि तेच एखाद्या अहवालात छापून आलं की ज्ञान म्हणायचं, हे मला मान्य नाही.

मदतीचं विचारलंत. आईला औषधांच्या वेळा, उन्हाची टोपी, लवकर ये, हे सांगत बसू नका, ते तिला माहीत आहे. ती नोंदवही ठेवते का ते विचारा आणि ती बघायला मागा. पूर्ण वाचायच्या आधी एकही चूक काढू नका. सभेत ती बोलणार असेल तर तिच्या वतीनं तुम्ही बोलू नका, तिला शब्द सापडायला दोन मिनिटं लागली तरीही.

हेही सांगायला हवं की सगळे गट सारखे नसतात. काही ठिकाणी बायकांना खरोखर फोटोपुरतं पुढे बसवतात, हे मी पाहिलंय. तिला काही मोजायला, लिहायला, मांडायला मिळत नसेल तर गट बदलावा, पण तो निर्णय तिनं घ्यायचा. किटमधलं आम्ल तीव्र असतं, हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि निसरड्या काठावर एकटीनं जायचं नाही, आमच्यातली एक जण पडली होती.

त्या पहाटेच्या पांढऱ्या साक्याचा फोटो मी दादाला पाठवला होता. त्याला पाच वर्षं झाली, त्यानं अजून त्यावर काही विचारलेलं नाही. तुमच्या आईनं असा एखादा फोटो तुम्हाला पाठवला असेल, तर आजच फोन करा आणि ते पाणी किती वाजताचं होतं ते तिला विचारा.