स्क्रीन नको, मुठीत मावेल असं काहीतरी कर

कामाच्या ताणात जरा आराम देणारं छोटं उपकरण बनवतोयस, तर त्याला स्क्रीन लावायचा विचार आधी काढून टाक. दिवसभर स्क्रीनकडे बघून थकलेल्या माणसाला आणखी एक स्क्रीन म्हणजे आणखी एक काम. डोळे मिटूनही वापरता येईल असं उपकरण हवं.

श्वासाची लय धर: मिनिटाला साधारण ६ श्वास, घ्यायला ४ सेकंद, सोडायला ६. श्वास सोडताना हृदयाची गती जरा उतरते, म्हणून तो वेळ जास्त. लय कंपनातून दे, पण मोटर एकदम चालू-बंद करू नकोस. फोन वाजल्यासारखं वाटतं आणि माणूस दचकतो. पीडब्ल्यूएमने (मोटरला मिळणारी सरासरी वीज कमी-जास्त करायची पद्धत) कंपन हळूहळू चढव, हळूहळू उतरव. छोटी मोटर अगदी कमी व्होल्टेजला फिरतच नाही, त्यामुळे शून्यापासून चढवलंस तर सुरुवात हाताला जाणवत नाही. माझे दोन आठवडे यातच गेले. शिवाय टेबलावर ठेवलं की लाकूड घुमतं, शेजारच्यालाही ऐकू जातं. खाली फेल्टचा थर दे.

गुण, टक्केवारी, ‘आज आराम कमी झाला’ असल्या सूचना अजिबात नकोत.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा चालेल. ऐन कामाच्या वेळी कुणाच्या तरी हातात दे, आणि तो काही बोलायच्या आधी त्याचे खांदे बघ.