आधी खुर्चीची बैठक, कोच नंतर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सोसायटीच्या हॉलमध्ये तुम्ही आठ जण दर रविवारी जमून सोफा-खुर्च्यांचं काम शिकणार, आठांपैकी एकालाही ते येत नाही आणि शिकवायलाही कुणी नाही. ‘असं चालेल का?’ म्हणून विचारलं आहेस. चालेल की! फक्त प्रत्येकानं आपापल्या घरातली वस्तू आणायची, हा बेत तेवढा मोड. एकाची आरामखुर्ची, दुसरीचं दिवाण, तुझा तो आजीचा स्प्रिंगचा कोच. असं झालं की आठ जण आठ ठिकाणी अडकून बसतात आणि एकाला सुचलेली युक्ती दुसऱ्याच्या काही कामाची नसते. पहिला महिना सगळ्यांनी एकच काम करा: डायनिंगच्या खुर्चीची सुटी बैठक. तुझी अडली ती घडी शेजारच्याला आधीच जमलेली असते, तो दाखवतो. नवख्यांनी एकत्र शिकण्याचा खरा फायदा एवढाच आहे, आणि तो काम सारखं असेल तरच मिळतो.

ही बैठक खालचे चार स्क्रू काढले की हातात येते. प्लायवूड, त्यावर फोम, त्यावर कापड. शिलाई मशीनचं नाव नाही. कुणाकडे तशी खुर्ची नसेल तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, मिळून जाईल. मात्र घेण्याआधी ती उलटी करून बघायची. सांध्यांशी पिठासारखा भुगा दिसला तर लाकडाला कीड आहे. कापडाच्या दुमडीत काळे ठिपके दिसले तर ढेकूण. असली खुर्ची फुकट दिली तरी हॉलमध्ये आणायची नाही; नाहीतर सोसायटीची पुढची मीटिंग तुमच्यावरच होईल.

पहिला रविवार फक्त खोलण्यात घालवा. मुलांना ही घाई फार, कधी एकदा नवं कापड चढवतो असं होतं. पण जुनं कापड फाडून काढलंत की कारागिरानं ते कसं चढवलं होतं तेही त्याच्याबरोबर गेलं. चपट्या स्क्रूड्रायव्हरनं स्टेपलरच्या पिनेची एक बाजू उचलायची, मग पकडीनं ओढायची. डोळ्यांवर चष्मा हवाच, पिना उडतात. जुना काथ्या निघाला तर तोंडाला फडकं बांधा. शेवटी लावलेलं आधी निघतं, हे लक्षात ठेवून प्रत्येक तुकड्यावर खडूनं ‘पुढे’, ‘मागे’ लिही. ते जुनं कापड सपाट पसरलंस की तोच तुझा नमुना.

आता फोम. इथे दुकानदार नवख्याला हमखास गंडवतो. फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. रोजच्या बसण्याच्या बैठकीला 40 घ्या, 32 पाठीला ठीक. 72 बाय 36 इंचांची, 2 इंच जाडीची एक शीट घेतलीत तर तिच्यात 18 इंचांच्या बरोबर आठ बैठका बसतात. ही शीट 40ची असेल तर तिचं वजन साधारण 3 किलो 400 ग्रॅम भरलं पाहिजे, 32ची असेल तर 2 किलो 700च्या आसपास. दुकानात काटा असतोच, ठेवायला सांगायचं, लाजायचं नाही. पावडर भरून जड केलेला फोमही मिळतो, म्हणून वजनाबरोबर अंगठ्यानं खोल दाबूनही बघा. चांगला फोम लगेच उसळून वर येतो, भेसळीचा रेंगाळतो.

कापडाचा हिशोबही एकत्रच करा. 18 इंचांची बैठक, दोन्ही बाजूंना फोमचे 2-2 इंच आणि खाली दुमडायला 2-2 इंच, म्हणजे 26 इंचांचा चौकोन. 54 इंच पन्ह्यात असे दोन बसतात. आठ बैठकांना पावणेतीन मीटर पुरतं. मात्र मखमल किंवा मोठ्या नक्षीचं कापड घेऊ नका. लव आणि फुलं एका दिशेला ठेवायच्या नादात अर्धं कापड वाया जातं. चौकटी आणि पट्टेही नकोत, ताण जरा तिरका गेला की लगेच चुगली करतात.

फोमवर आधी मांजरपाटाचं अस्तर चढवा. ते स्वस्त, बिघडलं तर कुणाला दुःख नाही, आणि हात त्याच्यावरच बसतो. बैठक पालथी घालायची, चारही बाजूंचे मध्य खडूनं खुणावायचे. पुढच्या मध्यावर एक पिन, मग मागच्या मध्यावर ओढून एक, मग डावी, उजवी. तिथून दोन-दोन बोटांवर कोपऱ्यांकडे सरकायचं आणि प्रत्येक कोपऱ्याच्या अलीकडे दोन इंच थांबायचं. एका कडेनं सुरुवात करून सरळ पुढे जाणाऱ्याचं कापड शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतं. घोडं नेहमी तिथेच पेंड खातं. हे काम दोघांचं आहे: एकानं तळव्यानं वरून दाबत कापड खाली सारायचं, दुसऱ्यानं पिन मारायची. बोटांच्या चिमटीनं ओढू नका, तिथे खड्डा पडतो आणि वरून दिसतो. मध्येच बैठक सुलटी करून उजेडासमोर धरा, सुरकुती कुठे जाते ते बघा, चार पिना काढाव्या लागल्या तर काढा. हातातल्या स्टेपलरची पिन अर्धी बाहेर राहते. तिच्यावर हातोडीचा हलका ठोका.

कोपरा मात्र पत्रात सांगून जमणार नाही. मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा तुमच्या भागात रस्त्याकडेला सोफे दुरुस्त करणारा जो कारागीर असेल, त्याला एका रविवारी बोलवा. पूर्ण दिवसाची मजुरी आधी ठरवून हातात द्या. ‘जरा दाखवा ना काका’ म्हणत फुकट शिकून घेऊ नका. व्हिडिओ काढायचा तर आधी त्याला विचारा. आणि तो काम करत असताना कापड ताणणारा त्याचा डावा हात बघा, सगळे उजव्या हाताकडेच बघत बसतात.

फोम प्लायवूडवर चिकटवायचा रबरी डिंक लावताना खिडक्या उघड्या ठेवा; त्याची वाफ पेट घेते, म्हणून उदबत्तीसुद्धा नको. दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडायचं. स्टेपलर मात्र आठ जणांत दोन तरी घ्या. एकावर भांडणं होतात, आणि ती कापडाच्या रंगावरून होणाऱ्या भांडणांपेक्षा वाईट असतात.

आजीच्या कोचाला दिवाळीपर्यंत हात लावू नकोस. उघडशील तेव्हा आधी तळाचं कापड एका बाजूनं सोडवून आतला फोटो मला पाठव. नागमोडी तारेच्या स्प्रिंगा असतील तर तुम्हीच कराल. सुतळीनं चहूबाजूंनी एकमेकींना बांधलेल्या उभ्या स्प्रिंगा असतील तर एकही गाठ कापू नकोस, त्या कारागिरालाच परत बोलव आणि तू सुतळी धरायला बस.

तुझा,
काका