वेस्टगेटचे उघडे निपल आणि जाम झालेली झडप

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत मूळ इंजिनाच्या जागी दुसऱ्या गाडीचे, यांत्रिक इंधन पंप असलेले टर्बो डिझेल इंजिन बसवले आहे. इंजिनासोबत बारीक नळ्या आणि त्यांच्या मध्ये असणारा सॉलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणारी झडप) मिळाला नाही. टर्बोवरील गोल डबीच्या निपलला (नळी जोडायच्या तोंडाला) सध्या काहीच जोडलेले नाही आणि डबीतून निघणारा रॉड हाताने हलत नाही. निपल उघडे ठेवले तर ताकद वाढेल, बिघडणार काही नाही, असे फिटरचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? नसल्यास नळी कोठे जोडावी आणि रॉड कसा मोकळा करावा?

उत्तर : ताकद वाढल्यासारखी वाटेल हे खरे, बिघडणार काही नाही, हे मात्र खरे नाही. दाबावर चालणाऱ्या ॲक्च्युएटरच्या, म्हणजे रॉड हलवणाऱ्या यंत्रणेच्या, डबीत रबरी डायफ्रॅम (पडदा) आणि त्याला मागे रेटून धरणारी स्प्रिंग असते. टर्बोच्या कॉम्प्रेसरकडून (इंजिनाकडे जाणारी हवा दाबणाऱ्या भागाकडून) आलेला हवेचा दाब स्प्रिंगच्या जोरावर मात करू लागला, की रॉड बाहेर सरकतो, टर्बाइन हाउसिंगमधील झडप (वेस्टगेट) उघडते आणि एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाला) वगळून थेट सायलेन्सरकडे जातो. निपल उघडे असेल तर डबीपर्यंत दाब पोहोचतच नाही, झडप बंद राहते आणि भार वाढेल तसा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढत जातो. त्यातून टर्बोचा वेग मर्यादेबाहेर जाणे, होज निसटणे आणि हेड गॅस्केटवर ताण येणे हे पुढचे टप्पे आहेत.

नळी जोडण्यापूर्वी झडप मोकळी आहे की नाही, हे पाहावे. जाम झडपेला नळी जोडणे आणि न जोडणे सारखेच. रॉड हाताने हलत नाही, एवढ्यावरून झडप जाम आहे असे ठरत नाही, कारण उत्तम स्थितीतील स्प्रिंगही बोटांच्या जोराला सहसा दाद देत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना रॉडच्या टोकाची क्लिप काढावी (ती उडून हमखास हरवते, म्हणून खाली कापड धरावे) आणि रॉड पिनवरून सोडवावा. आता झडपेचा लिव्हर एकटा उरतो. तो दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडखळल्याशिवाय फिरला पाहिजे आणि बंद होताना धातूवर धातू बसल्याचा स्पष्ट ठेका जाणवला पाहिजे. लिव्हरच्या शाफ्टला बुशमध्ये थोडी ढिलाई असते. तापल्यावर धातू फुगतो, त्यासाठी ती लागतेच, म्हणून तिला दोष समजू नये.

लिव्हर अडला असेल तर शाफ्ट आणि बुश यांच्यामधील गंज व काजळी हे बहुतेक वेळा कारण असते. तेथे गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर मुरू द्यावे, मग लिव्हर थोडा थोडा पुढे-मागे करावा आणि पुन्हा तेल द्यावे. हे काम चिकाटीचे आहे, हातोड्याचे नाही. लिव्हर शाफ्टला वेल्ड केलेला असतो आणि तो वाकला की झडप आपल्या बैठकीवर सपाट बसत नाही. गरम टर्बाइनवर असे तेल कधीही फवारू नये, ते पेट घेऊ शकते. मोकळ्या झालेल्या शाफ्टला साधे ग्रीसही लावू नये, कारण ते जळून त्याचीच काजळी होते.

यानंतर डबी तपासावी. गेज असलेल्या हातपंपाने निपलवर हळूहळू दाब द्यावा, रॉड कोणत्या दाबाला हलू लागतो ते टिपावे आणि पंप थांबवल्यावर काटा स्थिर राहतो का ते पाहावे. काटा उतरत असेल तर डायफ्रॅम फाटलेला आहे आणि डबी बदलण्याला पर्याय नाही. गॅरेजमधील कॉम्प्रेसरची 6 ते 8 बारची हवा थेट दिल्यास धडधाकट डायफ्रॅमही फाटेल. इंजिन चालू असताना एक्झॉस्टचा दाब झडपेला आतून उघडायला मदत करतो, त्यामुळे गाडीत ती या मोजमापापेक्षा काहीशी लवकर उघडते.

रॉड परत जोडताना लिव्हर बंद स्थितीत धरावा. रॉडचे छिद्र पिनपासून 1 ते 2 मिलिमीटर मागे राहावे आणि किंचित ओढून बसवावे लागावे. रॉड आखूड केला की बूस्ट वाढतो, लांब केला की कमी होतो. बूस्ट वाढवण्याचा मोह बूस्ट मोजणारा गेज बसवेपर्यंत आवरावा. जागेअभावी टर्बोचे हाउसिंग फिरवून बसवले असेल, तर डबीचा ब्रॅकेटही असा बदलावा की रॉड सरळ रेषेत सरकेल, तिरका ओढला जाणार नाही.

नळीची जागा म्हणजे कॉम्प्रेसर हाउसिंगच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाजवळील निपल. सॉलेनॉइड नसेल तर तेथून डबीपर्यंत सरळ, आखूड नळी न्यावी. मग बूस्टची मर्यादा केवळ स्प्रिंग ठरवते. ती मूळ गाडीतल्यापेक्षा कमी असू शकते, पण सुरक्षित असते. हाउसिंगला निपल नसेल तर इनटेक मॅनिफोल्डवरून दाब घेता येतो. मात्र वाटेतल्या इंटरकूलरमध्ये (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागात) जेवढा दाब कमी होतो, तेवढे जादा काम टर्बोला करावे लागते. नळी उष्णता सोसणारी असावी, दोन्ही टोकांना क्लॅम्प असावेत आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून ती दूर राहावी.

आपल्या यांत्रिक पंपावर बूस्टनुसार डिझेल वाढवणारी टोपी असल्यास तिला इनटेक मॅनिफोल्डवरून स्वतंत्र नळी द्यावी. ती राहून गेली तर बूस्ट असूनही गाडी ओढत नाही, आणि मग विनाकारण टर्बो उघडला जातो.

प्रश्न : माझ्या डिझेल टर्बोच्या डबीला पंपाने दाब दिला तरी रॉड हलत नाही, पण व्हॅक्यूम पंप लावला की लगेच आत जातो. डबी खराब आहे का?

उत्तर : नाही, ती व्हॅक्यूमवर चालणारी आहे. असे ॲक्च्युएटर बहुतेक वेळा टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोवर असतात. निपलची जागा दोन्ही प्रकारांत सारखीच दिसते, त्यामुळे नुसत्या नजरेने फरक कळत नाही. तिला बूस्टची नळी जोडू नये. इंजिनाच्या व्हॅक्यूम पंपापासून सॉलेनॉइडमार्फत तिला व्हॅक्यूम मिळाला पाहिजे आणि तो सॉलेनॉइड भाराप्रमाणे चालवणारा कंट्रोलरही हवा. इंजिन बदलताना तो मिळणार नसेल, तर साध्या वेस्टगेटचा जुळणारा टर्बो बसवणे अधिक सोपे पडते.