समुद्रशैवालाचे काम करायचे, तर शाखा कोणती?

देवगडहून एका पालकांनी विचारले आहे : 'मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, जीवशास्त्र घेतले आहे. जपानमध्ये समुद्रतळाशी टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर शैवालाची राने पुन्हा वाढवतात, तसे काम करण्याची तिची इच्छा आहे. शिकावे काय, आणि त्यावर पोट भरेल का?'

सप्रेम नमस्कार.

हे काम केवळ लागवडीचे आहे असे समजून अभ्यासक्रम निवडू नये. नव्या ठोकळ्यावर शैवालाचे बीजाणू रुजतात. परंतु सी-अर्चिन हे काटेरी प्राणी आणि रॅबिटफिशसारखे शैवाल खाणारे मासे कोवळी वाढ फस्त करतात, आणि पाणी उबदार राहू लागल्याने हे मासे थंडीतही चरत राहतात. म्हणून तेथील पाणबुडे आणि मच्छीमार सी-अर्चिन मोजतात, वेचतात किंवा जागीच फोडतात, आणि मगच बीजाणू सोडणाऱ्या पक्व शैवालाच्या पिशव्या तेथे टांगतात. ओसाड खडकावरचे अर्चिन उपाशी राहूनही दीर्घकाळ तग धरतात, मात्र आत गर नसल्याने त्यांना बाजारभाव मिळत नाही. कानागावा प्रांताच्या मत्स्य संशोधन केंद्राने त्यांना टाकाऊ कोबी खाऊ घालून विक्रीयोग्य केले, ही युक्ती मला फार आवडते.

तेव्हा परिसंस्थाशास्त्र, संख्याशास्त्र आणि मत्स्यव्यवसाय यांची सांगड घालणारे शिक्षण हवे. माझ्या मते रत्नागिरीजवळील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील चार वर्षांची बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) ही पहिली पसंती असावी. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील एम.एफ.एस्सी.साठी सर्वसाधारणपणे हीच पदवी लागते, त्यामुळे साधी बी.एस्सी. केल्यास तो मार्ग अवघड होतो. मग गोवा विद्यापीठातील सागरी विज्ञानाच्या एम.एस्सी.चा विचार करावा. जपानलाच जायचे असेल, तर पदवीनंतर तेथील सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे आणि होक्काइदो विद्यापीठाची मत्स्यविज्ञान शाखा हाकोदातेला आहे. जपानी भाषा मात्र आतापासून शिकावी.

पोटाचे म्हणाल, तर केवळ याच कामाची वेगळी नोकरी आपल्याकडे नाही. कृत्रिम भित्तिका, म्हणजे समुद्रतळाशी टाकायचे असेच ठोकळे, आपल्या किनाऱ्यावरही टाकल्या जातात, पण त्या मुख्यतः मासे वाढावेत म्हणून. सुरुवात मत्स्य विभागात किंवा संशोधन प्रकल्पातील मुदतीच्या पदावर होईल, आणि तेवढी अनिश्चितता घरच्यांनी मान्य करायला हवी. शिवाय कोकणात पावसाळ्यातील गढूळ पाणी आणि गाळ यांचा प्रश्न आहे, त्यामुळे जपानची रीत जशीच्या तशी येथे चालेल असे तिने गृहीत धरू नये. परीक्षेनंतर तिला तारकर्लीच्या स्कूबा प्रशिक्षण केंद्रात अवश्य पाठवा. पाण्याखाली तासन्‌तास मोजणी करणे तिला मानवते का, हे प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी कळलेले बरे.