लहान झालेले कपडे, खेळणी द्यायची कुठे?

प्रश्न: ताई, मुलगी सात वर्षांची झाली आणि बेडचा पूर्ण बॉक्स तिच्या जुन्या सामानाने भरलाय, झबली, दुपटी, स्वेटर, वॉकर, पुस्तकं, खेळणी, सगळंच. दिवाळीच्या आत आवरायचंय. मिस्टर म्हणतात सरळ कामाच्या मावशींना देऊन टाक, सासूबाई म्हणतात बाळाचे अंगावरचे कपडे बाहेर देऊ नयेत. आणि लेक तिच्या कापडी हत्तीला हातच लावू देत नाही. काय करू?
- एक आई, कोथरूड

उत्तर: सासूबाईंना आठवण करून द्या की आपल्याकडेच नवीन बाळाला आधी दुसऱ्या बाळाचं वापरलेलं मऊ झबलं घालायची पद्धत आहे, तुमच्या लेकीलाही घातलं असेलच कोणाचं तरी, विचारा त्यांना. तरी नसेल पटत तर एक कुंची आणि एक दुपटं त्यांच्याकडे ठेवायला द्या, विषय संपला.

मावशींना द्या की, पण आधी विचारा हो, त्यांच्या घरी सात वर्षांची मुलगी आहे की अकरावीतला मुलगा? नाही म्हणायला त्यांना अवघड जातं आणि मग ती पिशवी सोसायटीच्या कचऱ्यात जाते.

मीही हेच केलंय. काही वर्षांपूर्वी बांधकामावरच्या मुलांच्या बालवाडीत तीन पिशव्या घेऊन गेले, अगदी मिरवत. तिथल्या बाईंनी माझ्यासमोरच पिशवी सतरंजीवर ओतली, फ्रॉकची चेन लावून बघितली, तुटलेली. चोवीस तुकड्यांचं पझल मोजलं, एकवीस निघाले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बाजूला ठेवलं, पण मला कुठे तोंड लपवू असं झालं. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर असेच जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, कोणी घालेना. तेव्हा बटण, चेन, नाडी घरीच बघायची आणि धुऊन द्यायचं. फाटकी सुती दुपटी गोधडीला काढा. दुधाच्या बाटल्या, निपल सरळ टाका. वॉकर तर देऊच नका कोणाला, त्याच्यामुळे बाळं जिन्यावरून पडतात, कॅनडात २००४ पासून विक्रीलाच बंदी आहे. बटण सेलवाल्या खेळण्याचं झाकण स्क्रूने घट्ट बसत नसेल तर तेही नको, सेल गिळला तर जिवावर बेततं.

बालभारतीची जुनी पुस्तकं झेडपीच्या शाळेत नेऊ नका, आठवीपर्यंत त्यांना सरकारकडून फुकट मिळतात. गोष्टीची पुस्तकं मात्र न्या, ती कमीच असतात. स्वेटर वेगळे काढा, गावाकडे साखर कारखान्याजवळ कोणी ओळखीचं असेल तर ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा पाठवा, कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांत, थंडीत लहान पोरं असतात. बाकीचं गूंजसारख्या संस्थेला द्या, १९९९ पासून हेच काम करतात, पण निघायच्या आधी सेंटर सुरू आहे का आणि सध्या काय घेतात ते विचारा. मिस्टरांना सांगा, वस्तू दिल्या तर इन्कम टॅक्समध्ये देणगीची सूट मिळत नाही, ती पैशाच्या देणगीलाच.

आणि हत्ती राहू दे ना! बाकीची खेळणी लेकीलाच निवडू द्या, ती झोपल्यावर गुपचूप पिशवी भरू नका, पुढच्या वेळी कपाटाला कुलूप लावेल ती. फक्त दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका, शाळा, बालवाड्या बंद असतात.