सल्काटाची पिल्लं हवीत, पण ठेवणार कुठे?

प्रश्न : खारघरला आमच्या टेरेस फ्लॅटमध्ये सल्काटा कासवांची जोडी आहे, एकाच दुकानातून एकत्र आणलेली, आता चांगली मोठी झालीयेत. नर सारखा मादीच्या अंगावर चढत असतो. मिस्टर म्हणतात, अंडी झाली तर इनक्युबेटर घेऊ, पिल्लं विकून खाण्याचा खर्च तरी सुटेल. नेरूळला नणंदेकडे एक चांदणी कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज आहे, तेही इकडे आणून ठेवू का असं ती विचारतेय. आधी काय काय बघायचं?
— एक वाचक, खारघर

उत्तर : ताई, आधी नणंदेचं कासव, कारण तिथे विचार करायला जागाच नाहीये. चांदणी कासव हे आपल्या देशातलं वन्य प्राणी, 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद. घरात लक्ष्मी येते म्हणून अजूनही लोक घेतात, विकणारे बिनधास्त विकतात, पण जोडी जमवणं दूर, नुसतं घरात ठेवणं हाच गुन्हा. वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करून ते सोपवायला सांगा. आणि हो, घाबरून कुठल्या तलावात सोडू नका हं, ते जमिनीवरचं कासव आहे, बुडून मरेल.

आता तुमची जोडी. सल्काटा परदेशी, आफ्रिकेतलं, त्यामुळे पाळता येतं, पण 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर (केंद्राच्या पर्यावरण खात्याची वेबसाइट) नोंदणी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही नोंद करावी लागते आणि दुसऱ्याला दिलं तर तेही कळवायचं असतं. दुकानाचं बिल जपून ठेवलंय ना? नोंदणी नसेल तर विकण्याचा विषय आत्ताच बंद करा.

पण खरी अडचण मला कागदांची वाटत नाही. मादी एका वेळी साधारण 15 ते 30 अंडी घालते, आणि सीझनमध्ये एकदाच घालून थांबेल असं नाही. प्रत्येक पिल्लू मोठं झालं की 40-50 किलोपर्यंत जातं, 70 वर्षं जगू शकतं. तळहातावर मावणारं पिल्लू लोक हौसेने नेतात, मग काही वर्षांनी तेच बाल्कनीतल्या कुंड्या उलथून टाकायला लागलं की फोन येतो, परत घेता का? 2 बीएचकेत राहणाऱ्या ओळखीतल्या किती जणांकडे अशा प्राण्याला आयुष्यभर जागा आहे, ही यादी मिस्टरांना करायला सांगा, मग इनक्युबेटरची किंमत बघा. माझं स्पष्ट मत, पिल्लं करू नका.

आणि एक, चढतो म्हणजे ती मादीच आहे असं अजिबात नाही. नर दुसऱ्या नरावर चढतो, दगडावरही चढतो. नराची शेपटी लांब आणि जाड असते, पोटाकडचं कवच आत खोलगट असतं, ते बघा. दोन्ही नर निघाले तर लगेच वेगळे करा, एकमेकांना उलटं पाडतात आणि टेरेसवर एप्रिल-मेच्या उन्हात उलटं पडलेलं कासव वाचणं कठीण. मादी असली तरी वेगळं करायचंच आहे, एकच नर दिवसभर मागे लागला की तिचं खाणं-पिणं सुटतं. शिवाय दुकानात एकाच खेपेत आलेली म्हणजे सख्खी भावंडं असायचीही शक्यता आहे.

वेगळं केलं म्हणजे सुटलो असं मात्र समजू नका. मादीच्या अंगात नराचं बीज बराच काळ, अगदी वर्षानुवर्षं टिकतं, आणि नराशिवायही ती फोल अंडी घालतेच. खायचं कमी करून ती सारखी येरझाऱ्या घालायला लागली, मागच्या पायांनी लाद्या खरवडायला लागली, नखं झिजली, रक्त आलं, तर ती खड्ड्यासाठी माती शोधतेय. माती मिळाली नाही की अंडी आत अडकतात, आणि त्यात मादी जाते. अशा वेळी कासवांचं कळणाऱ्या व्हेटकडे नेऊन एक्स-रे काढा, घरगुती तेलबिल लावत बसू नका. कॅल्शियम आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा (किंवा रोजचं थेट ऊन, काचेतून आलेलं नाही) हे तिला आत्तापासून हवंच.

अंडी झालीच तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवा. ऐकायला कसंसंच वाटतं, पण नुकत्या घातलेल्या अंड्यात पिल्लू तयार झालेलं नसतं, उशीर केला की मग जीव जातो. इनक्युबेटरचं गणित एवढ्यासाठीच सांगते की ते वाटतं तितकं सोपं नाही : 30 डिग्रीच्या आसपास तीनेक महिने किंवा जास्तच, कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नाही, वर पेन्सिलने खूण करून तसंच ठेवायचं, तापमान वर गेलं की बहुतेक माद्या, खाली आलं की नर. आणि आपल्याकडे लाईट गेली की?

मातीचा कोपरा मात्र करून द्या, दीड-दोन फूट खोल, ओलसर पण चिखल नाही. टेरेसच्या स्लॅबवर तेवढ्या ओल्या मातीचं वजन बरंच होतं आणि खालच्या फ्लॅटमध्ये गळती लागली तर भांडण वेगळं, म्हणून आधी सोसायटीला आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारून घ्या.