वाचकांचे प्रश्न : इंग्रजी यमके कशी शोधावीत?

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नववीच्या मुलांनी समुद्रावर इंग्रजी गीत लिहिले आहे. एका कडव्यात त्यांनी ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’, तर दुसऱ्यात ‘कम’ आणि ‘होम’ अशी जोडी जुळवली आहे. स्पेलिंगमधली शेवटची अक्षरे सारखीच आहेत, मग चुकले कुठे, असे मुले विचारतात. मला ते कानाला खटकते, पण कारण सांगता येत नाही. इंग्रजी यमके शोधण्याची काही रीत आहे का?
— एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : आपल्या कानाला खटकले ते बरोबरच आहे. इंग्रजीत यमक स्पेलिंगवरून ठरत नाही. शब्दातल्या ज्या स्वरावर मुख्य आघात पडतो, म्हणजे बोलताना जोर दिला जातो, त्या स्वरापासून शब्दाच्या अखेरपर्यंतचा संपूर्ण उच्चार जुळला आणि त्या स्वराच्या आधीचा ध्वनी मात्र निराळा असला, तर ते पूर्ण यमक मानले जाते. मुलांच्या जोड्या फक्त डोळ्यांना जुळतात. याचे कारण असे, की विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केल्यानंतर शब्दांची लिखित रूपे हळूहळू स्थिर होत गेली, पण बोलण्यातले दीर्घ स्वर पुढेही दीर्घकाळ बदलत राहिले. त्यामुळे उलट प्रकारही घडतो : ‘ओशन’ आणि ‘मोशन’ यांची स्पेलिंगे अगदी भिन्न असूनही ते निर्दोष यमक आहे, आणि ‘डिव्होशन’ही त्यांच्या पंक्तीला बसते.

आघाताची अट आपल्याला नवीन वाटते, कारण मराठी कवितेत आपण शेवटची एकदोन अक्षरे जुळली की समाधान मानतो. ‘मान्सून’ या शब्दाच्या इंग्रजी उच्चारात आघात अखेरच्या भागावर येतो, म्हणून त्याला ‘मून’, ‘नून’ आणि आपल्या किनाऱ्यावर पाऊस घेऊन येणारा ‘जून’ असे सगळे सहज मिळतात. ‘कोकोनट’चा आघात मात्र पहिल्या अक्षरावर आहे, त्यामुळे त्याच्यापुढे ‘हट’ किंवा ‘कट’ ठेवले तर ते सैल वाटते. आणखी एक सापळा मराठी कानासाठीच मांडलेला आहे, तो म्हणजे शब्दाच्या शेवटचे ‘स’ आणि ‘झ’. समुद्राचे अनेकवचन इंग्रजीत ‘सीझ’ असे संपते, म्हणून ते ‘पीस’शी जुळत नाही, ‘ब्रीझ’शी जुळते, आणि समुद्रावरच्या गीताला याहून सोयीची जोडी कोणती मिळणार?

आता रीत. आपल्याकडे वर्णमाला उच्चारस्थानानुसार लावलेली आहे, तिचा येथे चांगला उपयोग होतो. लाटेसाठीचा ‘वेव्ह’ हा शब्द घ्या, त्याचा ‘एव्ह’ हा शेपटाकडचा भाग वेगळा काढा आणि त्याच्यापुढे क, ग, प, र, स, श अशी व्यंजने मुलांकडून क्रमाने लाववून घ्या : ‘केव्ह’, ‘गेव्ह’, ‘पेव्ह’, ‘रेव्ह’, ‘सेव्ह’, ‘शेव्ह’. मग जोडाक्षरांकडे वळा, म्हणजे ‘ब्रेव्ह’, ‘ग्रेव्ह’ आणि ‘स्लेव्ह’ सापडतील. ‘लव्ह’ला हीच परीक्षा लावली, तर ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’, ‘शव्ह’, ‘अबव्ह’ एवढ्यावरच गाडी थांबते. प्रेमाच्या इंग्रजी गाण्यांत आकाश आणि पारवे वरचेवर का येतात, याचे एक कारण हे दारिद्र्य असावे असे मला वाटते.

मराठीत ‘जाते’ला ‘येते’ आणि ‘गाते’ व्याकरणच पुरवते; इंग्रजीत असे प्रत्यय थोडे, म्हणून तेथे यमकाची टंचाई असते. इटालियन सॉनेटच्या, म्हणजे चौदा ओळींच्या सुनीताच्या, पहिल्या आठ ओळी दोनच यमकांवर पेललेल्या असतात. इंग्रज कवींना हे जड गेल्यामुळे त्यांनी चौदा ओळींत सात निरनिराळी यमके वापरण्याची सवलत घेतली. आपल्या जिल्ह्यातल्या मालगुंडचे केशवसुत हेही पेशाने शिक्षक, आणि मराठीत सुनीत आणण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते, हे मुलांना या निमित्ताने अवश्य सांगावे. मोरोपंतांच्या आर्यांतली, तीच अक्षरे दुसऱ्या अर्थाने पुन्हा आणण्याची करामत मात्र इंग्रजीत नेऊ नये : समुद्राचा ‘सी’ आणि पाहण्याचा ‘सी’ अशी जोडी तेथे यमक म्हणून दुबळी समजतात.

प्रश्न : मी आमच्या बँडसाठी हापूसवर इंग्रजी गाणे लिहीत आहे, पण ‘मँगो’ला यमकच मिळत नाही. काय करावे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ‘टँगो’ आणि ‘फँडँगो’ मिळतात, पण ती दोन्ही परदेशी नृत्यांची नावे आहेत आणि देवगडच्या बागेत त्यांना आणायचे तर गाणे विनोदी करावे लागेल. त्यापेक्षा ‘मँगो’ ओळीच्या मध्ये घ्यावा आणि ओळ ‘गोल्ड’वर संपवावी, ‘ओल्ड’, ‘होल्ड’, ‘टोल्ड’ आणि पेटी विकली गेल्यावरचा ‘सोल्ड’ हे सगळे हाताशी आहेत. जुळणारे शब्द कमी असलेला शब्द ओळीच्या टोकाला ठेवू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्मी अडचण संपते. शिवाय गाण्यात अर्धयमक चालते. ‘होम’ आणि ‘अलोन’ यांचा स्वर एकच आहे, आणि गायक तो लांबवत असल्यामुळे व्यंजनातला फरक ऐकणाऱ्याला जाणवत नाही. छापील कवितेतही अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सनने अशी अपुरी यमके जाणूनबुजून वापरली आहेत.

प्रश्न : यमकांचे कोश आणि संकेतस्थळे विश्वासार्ह असतात का?
— एक विद्यार्थिनी, वेंगुर्ले

उत्तर : असतात, पण त्यांची रचना माहीत असावी. जॉन वॉकर या मूळच्या नटाने १७७५ साली काढलेल्या प्रसिद्ध कोशात शब्द शेवटच्या अक्षराकडून उलट लावलेले आहेत, म्हणजे क्रम स्पेलिंगचाच. संगणकाच्या काळात उच्चारावर आधारलेल्या याद्या आल्या. त्यांपैकी कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश सर्वांना मोफत उपलब्ध आहे. मात्र त्यातले उच्चार अमेरिकी आहेत. कचेरीतला जो ‘क्लार्क’ आपण ब्रिटिश पद्धतीने ‘डार्क’शी जुळवू, तो तेथे ‘क्लर्क’ होऊन ‘वर्क’च्या रांगेत जातो. इंग्रजी मुळाक्षरांच्या गाण्याचा शेवटही अमेरिकी ‘झी’वर बेतलेला असल्यामुळे आपल्या बालवाडीतल्या ‘झेड’ने तेथे यमक मोडते. म्हणून यादीतला शब्द घेण्यापूर्वी आपण ज्या उच्चारात गाणार आहात, त्याच उच्चारात दोन्ही ओळी मोठ्याने म्हणून पाहाव्यात.